चार दिवसांचा आठवडा, पाच दिवसांचं काम

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची मीच समोर आले. आठवड्यातून चारच दिवस काम, पगार २० टक्के कमी, घ्यावं का? पैशांचा हिशेब तुम्ही मांडलाच आहे, त्यात मी पडत नाही. पण पाचव्या दिवसाचं काम कोण करणार, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच दिसलं नाही.

मीही विचारलं नव्हतं. साहेब भले होते, "करू की ॲडजस्ट" म्हणाले, आणि मी लेखी काही घेतलंच नाही. पगार पहिल्याच महिन्यापासून बिनचूक कापला गेला. कामाची यादी मात्र तीच राहिली. म्हणजे दिवसाचा दर जुनाच आणि रोजचा भार सव्वापट! शुक्रवारी सुट्टी, तर साडेअकराला फोन: "डिस्टर्ब करत नाही गं, फक्त ती फाइल कुठेय तेवढं सांग." लॅपटॉप उघडला की दोन तास गेलेच.

खरा फटका अप्रेझलला बसला. फॉर्ममध्ये टार्गेटच्या रकान्यात पूर्ण वेळेचा आकडा आधीच भरलेला, बदलता येईना. एचआरकडे गेले तर उत्तर, "सिस्टिममध्ये कमी दिवसांचा पर्यायच नाहीये." पगार कापायला तो पर्याय बरा सापडला होता! तोवर साहेब बदलले होते, नव्या साहेबांना तोंडी ठरलेलं काहीच माहीत नव्हतं. टार्गेटच्या ७८ टक्के काम केलं होतं, तेही ८० टक्के वेळात. शेरा मिळाला: 'अपेक्षेपेक्षा कमी'. कंपनीच्या त्याच वर्षीच्या अहवालात 'शाश्वत मनुष्यबळ' या विषयावर अख्खं प्रकरण होतं. असो.

मी वकील नाही आणि प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. तरी माझं मत ठाम आहे: कोणतं काम कोणाकडे जाणार ते नावांसकट, टार्गेट किती, आणि पूर्ण वेळेवर परत यायची वाट, एवढं कागदावर आल्याशिवाय हो म्हणू नका. परतीचं मी मनाचं सांगत नाहीये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९४ च्या अर्धवेळ, म्हणजे पूर्ण वेळेपेक्षा कमी, कामाच्या करारात (क्रमांक १७५) पूर्ण वेळेतून अर्धवेळात जाणं आणि परत येणं, दोन्ही स्वेच्छेनं असावं असं आहे. बहुतेक देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण बोलणी करताना दाखवायला उपयोगी पडतो.

आणि तुमची अडचण मुख्यतः प्रवासाची असेल, तर पगार कशाला सोडताय? आधी दोन दिवस घरून काम मागा. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा चीनमधल्या एका कंपनीतला १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला आहे. दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणारे सुमारे एक तृतीयांशानं घटले, बढत्यांवर परिणाम दिसला नाही. साहेबांना हे आकडे आवडतात.

घेतलीच सुट्टी, तर त्या दिवसाच्या ऑटो-रिप्लायमध्ये "उद्या बघते" लिहू नका, दुसऱ्या कोणाचं तरी नाव लिहा. अर्थात त्या माणसाला आधी विचारून.