वाचकांचे प्रश्न : सारा कोणाकडे भरायचा?

प्रश्न : देवगड तालुक्यात माझी हापूसची तीनशे कलमे आहेत आणि आमरसाचे डबे भरण्याचा लहान कारखानाही आहे. जीएसटी, आयकर, घरपट्टी सारे भरूनही बागेकडे जाणारा रस्ता आम्ही शेजारी वर्गणी काढूनच बुजवतो. मग व्यापाराला आणि समाजाला सरकारची व करांची गरज आहे काय? आपापसांतील करारांवर सगळे भागणार नाही काय?
– एक बागायतदार

उत्तर : तुमच्या वर्गणीपासूनच सुरुवात करतो. आमच्या वाडीत साकवासाठी वर्गणी काढली तेव्हा बावीस घरांपैकी सोळा घरांनी पैसे दिले. उरलेली सहा घरेही त्याच साकवावरून ये-जा करीत राहिली आणि त्यांना अडवावे असे कोणाच्या मनातही आले नाही. पुढच्या पावसाळ्याआधी फळ्या बदलायची वेळ आली तेव्हा नऊच घरांनी पैसे काढले. त्यात कोणी लबाड नव्हते. दुसरा देत नाही तर मीच का, एवढाच तो विचार होता.

खासगी दीपगृहे चालू शकतात, हे रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये इंग्लंडच्या इतिहासातून दाखवले आणि सरकार नको म्हणणारे त्याचा दाखला देतात. परंतु त्या दीपगृहांच्या मालकांना शुल्क घेण्याचा हक्क राजसत्तेकडूनच मिळालेला होता आणि बंदरात आलेल्या जहाजाला ते भरावेच लागे, हे सांगायचे राहून जाते.

तुमच्या पेटीला भाव मिळतो तो फळाइतकाच ‘देवगड’ या नावामुळे. वरच्या थरात देवगडचे फळ आणि गवताखाली परराज्यातले, अशी पेटी मी स्वतः उघडून पाहिली आहे. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते केंद्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार. नोंदणी करणारे कार्यालय आणि दाद देणारे न्यायालय नसेल, तर ते नाव कोणीही खोक्यावर छापील. मग तुम्ही करार करणार तरी कोणाशी?

मात्र सर्वांत मोठा पुरावा आपल्याच भूमीत आहे. सरकार बाजूला झाले म्हणून वसुली थांबत नाही, ती दुसऱ्याच्या हाती जाते. कोकणात गावाचा सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, वसूल करणारा मध्यस्थ म्हणजे खोत. तो सरकारात सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा घेई, वर वेठही करवून घेई. त्याचा हिशेब मागण्याची सोय कुळाला नव्हती. त्याविरुद्ध अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला आणि उपासमार सोसून जमिनी पडीक ठेवल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. या लढ्यातली मागणी सारा माफ करा अशी नव्हती. मधला खोत काढा, आम्ही सारा थेट सरकारात भरतो, अशी होती. ज्याला जाब विचारता येतो त्यालाच कर द्यायचा, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी उपाशी राहून मिळवले आहे, आणि म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘होय, गरज आहे’ असे आहे.

तरीही तुमचा राग रास्त आहे. २०११ मध्ये सुरू झालेले मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण ज्याने पाहिले, त्याला करदात्याचा संताप समजावून सांगावा लागत नाही. (बागेतल्या फळाच्या उत्पन्नावर मात्र केंद्राचा आयकर नाही, तो कारखान्याच्या नफ्यावर आहे. हिशेब करताना दोन्ही वेगळे धरावेत.)

आता रस्त्याविषयी. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे काय, हे आधी पाहा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते. पुढच्या सभेआधी विषय लेखी द्या, गेल्या तीन वर्षांत रस्त्यांवर झालेला खर्च माहितीच्या अधिकारात मागवा आणि वर्गणी देणाऱ्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन जा.