'गुरेन लागान' हा अ‍ॅनिमे म्हणजे नुसता आरडाओरडा आहे, की पुढे बघण्यासारखं काही आहे? मी तीन भाग बघून थांबलोय.

आरडाओरडा आहेच, आणि तो शेवटच्या भागापर्यंत थांबत नाही. तिसऱ्या भागात लागान हा छोटा यंत्रमानव उडी मारून गुरेन या मोठ्या यंत्रमानवाच्या धडात वरून ड्रिल खुपसतो आणि स्वतःच त्याचं डोकं होऊन बसतो, वर शत्रूच्या यंत्रमानवाचं शिरस्त्राण हिसकावून घालतो. हे बघून हसू आलं नसेल, नुसता वैताग आला असेल, तर पुढे जाऊ नका. कारण शेवटी शेवटी आख्ख्या आकाशगंगा हातात धरून एकमेकांवर फेकतात.

हसू आलं असेल तर निदान पाचवा भाग बघाच. जमिनीखालचं एक गाव आहे, आदाई. तिथे फक्त 50 माणसांची सोय. एक जन्माला आलं की एकाला बाहेर काढायचं, चिठ्ठ्या टाकून. गावचा पुजारी ज्या धर्मग्रंथाचा आधार देतो तो त्याला स्वतःलाच वाचता येत नाही. आणि तरी तो दुष्ट नाही, अन्नच तेवढं आहे! आपल्या टोळीचा म्होरक्या कामिना तिथे नेहमीसारखा छाती बडवत येतो, पण त्या हिशोबाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

हाच हिशोब पुढे मोठा होऊन परत येतो. (थोडा स्पॉयलर आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) सात वर्षांनी जमिनीवरची लोकसंख्या दहा लाख होते आणि चंद्र पृथ्वीवर कोसळायला लागतो. तेव्हा आदाईतच वाढलेला रोस्यू थंड डोक्याने ठरवतो, कोणाला वाचवायचं आणि कोणाला नाही. मला विचाराल तर मालिकेतलं सगळ्यात चांगलं पात्र तोच. बाकीचे ओरडतात, हा आकडे मांडतो. म्हणून ही अतिशयोक्ती मला पोकळ वाटत नाही. समोर कोणीतरी सतत 'एवढंच पुरेल' म्हणत असतं, त्याला दिलेलं ते उत्तर आहे.

आता दोष. रोस्यूचा हा भाग चार-पाच एपिसोडमध्ये उरकलाय. तिथेच रेंगाळायला हवं होतं, पण मालिकेला अंतराळात जायची घाई. आणि शेवटचा शत्रू जो मुद्दा मांडतो, की ही स्पायरल ऊर्जा, म्हणजे या यंत्रमानवांना चालवणारी शक्ती, अशीच वाढत गेली तर विश्वच गिळेल, तो खोडून काढलेला नाही, आवाज चढवून गप्प केलाय. नायक सायमन म्हणतो, आम्ही सांभाळू. कसं, ते विचारू नका.

योकोचं दुखणं वेगळं. एवढी लांबलचक बंदूक घेऊन येणारी नेमबाज, पण कॅमेरा सारखा तिच्या कपड्यांवर, किंबहुना नसलेल्या कपड्यांवर. सहावा भाग, गरम पाण्याच्या हमामातला, घरच्यांसमोर लावू नका. पुढे येणाऱ्या निया या मुलीच्या वाट्याला जे येतं त्यावर मी आजही नाराज आहे, पण ते सांगून मजा घालवत नाही.

चौथ्या भागात चित्रं अचानक वेगळी दिसली तर दचकू नका. त्यासाठी दिग्दर्शक ओसामू कोबायाशी यांना बोलावलं होतं, त्यांची शैलीच तशी. 2007 मध्ये जपानी चाहते एवढे भडकले, आणि त्यावर मालिका बनवणाऱ्या गायनॅक्स स्टुडिओमधल्यांनी असे टोमणे मारले, की निर्माते ताकामी आकाई यांना पायउतार व्हावं लागलं. मला तो भाग बरा वाटतो, फक्त आधीच्या-नंतरच्याशी जुळत नाही.

या सगळ्या थाटाचं श्रेय दोघांना: दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी आणि लेखक काझुकी नाकाशिमा. नाकाशिमा मूळचे नाटककार, म्हणून लढाईआधी प्रत्येक जण रंगमंचावर आल्यासारखा आपलं नाव-गाव गर्जून सांगतो. ताकू इवासाकींचं संगीतही तसंच, रॅपवर थेट ऑपेरा चढवलेला. कानाला चटक लागते. इमाइशी-नाकाशिमा याच जोडीने 2013 मध्ये 'किल ला किल' केलं. तिथे वेग आणखी जास्त, पण आदाईसारखं काही मला सापडलं नाही.

तर आठव्या भागापर्यंत जा. तिथे जे घडतं त्यानंतर सायमनची खरी गोष्ट सुरू होते, आणि तरीही मन लागलं नाही तर खुशाल सोडा. एकूण 27 भाग आहेत. सोळावा आधीच्याच दृश्यांची उजळणी आहे, तो गाळला तरी चालेल. 2008 आणि 2009 चे दोन चित्रपट मात्र आधी बघू नका, त्यांत बरंच कापलंय.