कौशल्य खेळणाऱ्याचे, पैज मात्र पैसे लावणाऱ्याची

प्रश्न: माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आणि कॉम्प्युटरवर काउंटर-स्ट्राइक हे गोळीबाराचे व्हिडिओ गेम खेळतो, हे आम्हाला ठाऊक होते. गेल्या महिन्यात कळले की तो या खेळांच्या परदेशी सामन्यांवर पैसेही लावतो. त्यासाठी टेलिग्रामवरच्या एका माणसाकडून त्याने ‘आयडी’ (सट्ट्याच्या साइटवरचे खाते) घेतला आहे. त्यात ६१,४०० रुपये जिंकलेले दिसतात, पण ते काढायला गेले की आधी तीस टक्के कर भरा, असे सांगतात. मुलाचे म्हणणे असे की हा कौशल्याचा खेळ आहे आणि सुप्रीम कोर्टानेच त्याला मान्यता दिली आहे. हे खरे आहे का? आणि कर भरावा का? (एक वडील, सातारा)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे एकेक दिवस महत्त्वाचा आहे. कर म्हणून एक रुपयाही भरू नका. ऑनलाइन खेळात जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर असतो हे खरे आहे आणि तेवढ्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर ही फसवणूक उभी केलेली आहे. एप्रिल २०२३पासूनची तरतूद अशी आहे की हा कर पैसे देणाऱ्याने त्याच रकमेतून कापून सरकारजमा करायचा असतो; जिंकणाऱ्याकडून तो आगाऊ मागवून घ्यायचा नसतो. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘कर’ ज्या यूपीआय खात्यावर भरायला सांगितले आहे, ते एका किराणा दुकानाच्या नावावर आहे. सरकारचा कर किराणा दुकानात जमा होत नाही. आजच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि सगळे व्यवहार व चॅट जपून ठेवा.

आता कायद्याबद्दल. तुमचा मुलगा सांगतो तो युक्तिवाद हवेतला नाही. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले आणि तिच्यावर पैसे लावणे हा जुगार ठरवला नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आजही शर्यतींवर पैसे लागतात, पण ते परवान्याखाली आणि सरकारच्या देखरेखीत. व्हिडिओ गेमच्या सामन्यांना हाच न्याय लावावा, असे अनेक जण वर्षानुवर्षे म्हणत आले. संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हा हा आधारच काढून घेतला गेला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यावर बंदी आहे. ई-स्पोर्टला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धात्मक सामन्यांना, या कायद्याने स्वतंत्र स्थान आणि उत्तेजन दिले, मात्र त्याच्या व्याख्येतच असे लिहिले की त्यात कोणीही, मग तो खेळाडू असो वा नसो, पैज लावता कामा नये. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे; पण आव्हान दिले म्हणजे कायदा रद्द झाला, असे होत नाही.

असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, म्हणून तक्रार करायला घाबरू नका. मात्र मुलाने कमिशन घेऊन मित्रांना आयडी दिले का, किंवा आपले बँक खाते कोणाला वापरायला दिले का, हे त्याला शांतपणे विचारा. दिले असेल तर तो केवळ खेळणारा राहत नाही, आणि मग पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाला भेटा.

त्या साइटवर परदेशी परवाना दाखवलेला असेल. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनीकडे आणि अमेरिकेत नेवाडा राज्यात २०१६पासून अशा सामन्यांवर पैसे लावता येतात, पण तिथला परवाना पुण्यातल्या खोलीत चालत नाही. हा धंदा वाढला तो खेळाच्या घडणीमुळे. काउंटर-स्ट्राइकची एक फेरी दोन-अडीच मिनिटांत संपते, म्हणजे दर फेरीला सट्ट्याचा नवा भाव निघतो. २०१३पासून त्यात बंदुकांच्या रंगीत ‘स्किन’ आल्या आणि पोरे पैशांऐवजी त्याच लावू लागली. २०१६मध्ये हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने अशा अनेक साइट्सना नोटिसा धाडल्या. २०२०च्या टाळेबंदीत मैदाने ओस पडली, तेव्हा सट्टेबाज आणखी इकडे वळले.

मुलाला आणखी एक गोष्ट जरूर सांगा. आपण खेळाडूच्या कौशल्यावर पैसे लावतो, असे त्याला वाटते. दक्षिण कोरियाचा ली सुंग-ह्युन हा स्टारक्राफ्ट या व्हिडिओ गेमचा २०१४चा जगज्जेता. त्याने पैसे घेऊन दोन सामने मुद्दाम हरल्याचे २०१६मध्ये न्यायालयात सिद्ध झाले. जगज्जेता विकला जातो, तिथे लहानसहान स्पर्धांमध्ये काय चालत असेल याचा भरवसा कोणी द्यावा?

प्रश्न: आमच्या गेमिंग कॅफेत आम्ही दर रविवारी बीजीएमआयची स्पर्धा घेतो. प्रत्येक संघाकडून २०० रुपये घेऊन जमलेली रक्कम विजेत्यांना वाटतो. हा सट्टा होतो का? (कोल्हापूर)

उत्तर: प्रवेश शुल्क घेणे आणि बक्षीस देणे, दोन्ही ई-स्पोर्टमध्ये चालते. पण शुल्क केवळ प्रवेशापुरते किंवा आयोजनाच्या खर्चापुरते असावे, अशी अट आहे, आणि खेळाला मान्यता व नोंदणीही लागते. सगळ्यांची वर्गणी एकत्र करून विजेत्याला देणे म्हणजे खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध पैसे लावण्यासारखेच दिसते. माझा सल्ला असा की बक्षीस प्रायोजकाकडून किंवा स्वतःच्या खिशातून द्या आणि शुल्काचा हिशेब वेगळा ठेवा. कॅफेत प्रेक्षकांमध्ये पैजा लागत असतील तर त्या ताबडतोब थांबवा, कारण जागा तुमची आहे आणि महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदाही आहेच.

प्रश्न: मित्राला सामन्यावर लावण्यासाठी ४०,००० रुपये उसने दिले. त्याने चेक दिला होता, तो वटला नाही. दावा लावू का? (नाशिक)

उत्तर: पैजेचा करार १८७२च्या करार कायद्यानुसार निरर्थक असतो. देशात इतरत्र पैजेसाठी दिलेले कर्ज तेवढ्याने बुडत नाही, पण जुन्या मुंबई इलाख्याच्या (ज्यात नाशिकही येते) १८६५च्या कायद्याने अशी पूरक देणीघेणीही निरर्थक ठरवलेली आहेत. चेक न वटल्याचा खटला टिकायला कायद्याने वसूल होणारे देणे लागते, आणि तुमचे तसे नाही. मित्र आपणहून पैसे देत असेल तर घ्या. कोर्टाच्या खर्चात मात्र पडू नका.