बालवाडीत मूल गप्प बसत असेल, तर घरची भाषा बदलावी का?

आपली साडेतीन वर्षांची मुलगी दोन महिने बालवाडीत तोंड उघडत नाही, घरी आपण कन्नड बोलता आणि तिच्या शिक्षिका 'घरीही मराठीच बोला' असे सुचवतात. तेव्हा तसे करावे का आणि तिला तिथे आपलेपणा वाटावा म्हणून काय करता येईल, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' एवढेच आहे. दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण हाच सल्ला मी स्वतः अनेक वर्षे पालकांना देत आले होते.

मी सोलापुरातील एका बालवाडीत 19 वर्षे शिकवले. आमच्याकडे विणकरांची मुले तेलुगू बोलत येत, काही कन्नड, काही उर्दू. त्यामुळे 'अम्मा', 'अव्वा', 'अम्मी' या हाका माझ्या कानाला सवयीच्या होत्या आणि कोणत्याही मुलाचे बोलणे आपल्याला कळते, अशी मला थोडी घमेंडही होती. एका जूनमध्ये तांड्यावरून शहरात राहायला आलेल्या बंजारा कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा दाखल झाला. तो पायातली चप्पल न काढता उंबरठ्यापाशी, दाराकडे तोंड करून बसे आणि थोड्या थोड्या वेळाने 'गाडी' मागे. मी खेळण्यांच्या पेटीतली लाकडी गाडी काढून त्याच्या हातात देई, तो ती भिरकावून देई आणि पुन्हा गाडीच मागे. तिसऱ्या आठवड्यात त्या गाडीचे एक चाक निखळले. दिवाळीच्या सुट्टीआधी मी नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'हट्टी, सांगितलेले समजत नाही, वस्तू फेकतो' असे माझ्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले.

त्याला न्यायला येणारी त्याची आठ वर्षांची बहीण एके दिवशी लवकर आली, तिने हा प्रकार पाहिला आणि तोंडावर हात ठेवून ती हसू लागली. "बाई, तो गाडी नाही मागत, याडी म्हणतोय," असे ती म्हणाली. त्यांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. पाच महिने ते लेकरू आईला हाका मारत होते आणि मी त्याच्या हातात खेळणे कोंबत होते.

त्यानंतर मी त्याच्या आईला आठ दिवस रोज अर्धा तास वर्गात येऊन बसायला सांगितले. तिसऱ्याच दिवशी आमच्या मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली. एका आईला बसू दिले तर उद्या सगळ्या येऊन बसतील, आपल्याला सगळी मुले सारखी आहेत आणि शाळेत शाळेचीच भाषा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावेळी मी गप्प राहिले, याचे मला अजून वाईट वाटते. सगळ्यांना सारखे वागवणे म्हणजे सामावून घेणे, हा समज बालवाडीत सर्वांत जास्त नुकसान करतो. कारण तिथे 'सारखे' म्हणजे ज्यांच्या घरी प्रमाण मराठी बोलतात त्यांच्यासारखे, असाच अर्थ असतो. आमच्या कार्यालयात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांची तसबीर होती आणि आम्ही तिला दरवर्षी हार घालत असू. त्याच ताराबाईंनी आपल्या सहकारी अनुताई वाघांना सोबत घेऊन 1945 मध्ये बोर्डी या गावी काम सुरू केले आणि मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्याच खटाटोपातून आला. आम्हाला मात्र एक आई उंबरठ्याच्या आत चालत नव्हती. त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' या नाचासाठी त्या मुलाच्या आजीचा आरशांचा फेटिया (घागरा) आणि काचळी (चोळी) मागून आणली गेली, ती दुसऱ्याच मुलीला नेसवली गेली आणि प्रमुख पाहुण्यांनी तिचे कौतुक केले. आजी मागच्या रांगेत बसून पाहत होती.

मला जे करता आले ते लहानसेच होते. हजेरी घेताना 'हजर' म्हणण्याऐवजी प्रत्येकाने घरी आईला जी हाक मारतात ती म्हणायची, असे मी ठरवले आणि ते शब्द फळ्याच्या कडेला लिहून ठेवले. पहिल्या दिवशी त्याने आवाज काढला नाही, दुसऱ्या दिवशी पुटपुटला. साधारण पंधरवड्याने भातुकलीच्या कोपऱ्यात एक तेलुगू बोलणारी मुलगी कंबरेवर हात ठेवून "आज मी याडी" असे बजावताना मला ऐकू आली, आणि तो मुलगा चप्पल दाराशी काढून तिच्या पुढ्यात जेवायला बसला होता.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सुरुवातीच्या शिक्षणात मुलाच्या घरच्या भाषेवर भर दिलेला आहे, तेव्हा आपण काही जगावेगळे मागत आहात असे समजून संकोचू नका. मात्र दोन गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. आपली मुलगी घरी मोकळेपणाने बोलत असेल, तरच वरचे सगळे लागू आहे. घरीही ती हाकेला वळून पाहत नसेल किंवा फारसे बोलत नसेल, तर तिच्या श्रवणाची तपासणी लगेच करून घ्या. आणि शिक्षिकेकडे तीस-पस्तीस मुले व मदतीला एखादीच मावशी असेल, तर तिच्यावर फार रागावू नका. मीही काही दुष्ट बाई नव्हते.

सोमवारी जाताना एका कागदावर देवनागरीत पाच शब्द लिहून न्या: आई, पाणी, दुखते, लघवी आणि नको, यांना आपली मुलगी काय म्हणते ते. कागद शिक्षिकांच्या हातात देण्याआधी ते शब्द त्यांच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या, शक्यतो मुलगी तिथे उभी असताना.