वाचकांचे प्रश्न : रुईवरचा रंगीत नाकतोडा

प्रश्न : रुईच्या झुडपावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा एक मोठा नाकतोडा पाहिला. त्याचे शास्त्रीय नाव शोधायला गेलो, तर एका पुस्तकात वंशाचे नाव ‘पोएकिलोसेरस’ आणि दुसऱ्यात ‘पोएसिलोसेरस’ असे आढळले. शिवाय नावापुढचे ‘फॅब्रिशियस, १७७५’ कुठे कंसात आहे, तर कुठे कंसाशिवाय. यांतले बरोबर काय मानायचे?

उत्तर : आपण पाहिलेल्या नाकतोड्याचे आज मान्य असलेले नाव पोएकिलोसेरस पिक्टस (फॅब्रिशियस, १७७५) असे, कंसासह लिहितात. पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करतो. ‘प्रजाती’ हा शब्द मराठीत कोणी वंशासाठी वापरतो, तर कोणी जातीसाठी, आणि त्यामुळे वर्गीकरणाच्या लेखनात नको तेवढा गोंधळ होतो. म्हणून या उत्तरांत ‘पोएकिलोसेरस’ हा वंश आणि ‘पिक्टस’ ही त्यातील जाती एवढेच दोन शब्द वापरले आहेत.

या जातीला पहिले शास्त्रीय नाव योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने दिले. सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीअसचा तो विद्यार्थी होता. गुरूने कीटकांचे गट मुख्यतः पंखांवरून पाडले होते, तर शिष्याने मुखांगांच्या रचनेला महत्त्व दिले आणि १७७५ साली ‘सिस्टेमा एन्टोमोलोजिए’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हा नाकतोडा ‘ग्रिलस पिक्टस’ या नावाने येतो. पिक्टस म्हणजे लॅटिनमध्ये ‘चितारलेला’, आणि प्रत्यक्ष किडा पाहिलेल्या माणसाला या नावाचे वेगळे समर्थन द्यावे लागत नाही. ‘ग्रिलस’ या शब्दाने मात्र आजचा वाचक चकतो, कारण आता तो वंश रातकिड्यांचा आहे. लिनीअसने १७५८ साली नाकतोडे, रातकिडे, एवढेच नव्हे तर प्रार्थना कीटकसुद्धा या एकाच वंशात कोंबले होते, आणि पुढच्या अभ्यासकांचा बराच काळ ही गर्दी वेगळी करण्यात गेला.

ऑदिने-सर्व्हिल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८३१ साली पोएकिलोसेरस हा स्वतंत्र वंश स्थापन केला. हे नाव ग्रीक शब्दांवरून घडवलेले असून त्याचा अर्थ ‘चित्रविचित्र शृंगिकांचा’, म्हणजे डोक्यावरच्या मिशांसारख्या अवयवांचा, असा होतो. या नाकतोड्याच्या काळसर शृंगिकांवर पिवळी कडी असतात, हे लक्षात घेतले की नाव का सुचले असेल ते कळते. ग्रीक ‘क’ लॅटिन वळणाने लिहायचा तर ‘सी’ हे अक्षर वापरण्याचा प्रघात होता. त्यामुळे नंतरच्या काही लेखकांनी नाव आपल्या मते ‘शुद्ध’ करून पोएसिलोसेरस असे छापले, आणि जुन्या भारतीय क्रमिक पुस्तकांत तेच रूढ झाले. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम या बाबतीत व्याकरणापेक्षा अग्रक्रमाला मान देतात. मूळ लेखकाने जी अक्षरे छापली तीच सामान्यतः कायम राहतात, म्हणून ‘के’ असलेले रूप ग्राह्य धरावे.

कंसाचे कारण सोपे आहे. ज्याने जातीला नाव दिले त्याने ती ज्या वंशात ठेवली होती, त्याच वंशात ती आजही असेल, तर त्याचे नाव कंसाशिवाय येते. जातीची बदली दुसऱ्या वंशात झाली असेल, तर कंस पडतो. फॅब्रिशियसचा पिक्टस ग्रिलसमधून पोएकिलोसेरसमध्ये गेला आहे, त्यामुळे येथे कंस हवाच. कंसाशिवाय छापलेले नाव म्हणजे मुद्रणातील किरकोळ चूक नव्हे. त्यातून ‘फॅब्रिशियसनेच हा वंश वापरला होता’ असे चुकीचे विधान होते.

प्रश्न : हा नाकतोडा साध्या हिरव्या नाकतोड्यांपेक्षा वेगळ्या कुलात का ठेवला आहे? केवळ रंग भडक म्हणून?

उत्तर : रंगाचा येथे जवळजवळ काहीच संबंध नाही. संग्रहालयात टाचून वाळवलेल्या नमुन्याचे पिवळे-निळे रंग उतरतात, आणि रंगावर भिस्त ठेवणाऱ्याला काही वर्षांनी पेटीत निव्वळ तपकिरी किडे दिसू लागतात. वर्गीकरण उभे राहते ते अंगाच्या घडणीवर.

वरून खाली येऊ. कीटक वर्गातील ऑर्थोप्टेरा, म्हणजे सरळ पंखांच्या कीटकांचा गण, दोन उपगणांत विभागलेला आहे. एकात लांब, धाग्यासारख्या शृंगिकांचे रातकिडे आणि त्यांचे भाऊबंद येतात, दुसऱ्यात आखूड शृंगिकांचे नाकतोडे आणि टोळ. हा भेद शृंगिकांपुरता नाही. लांबशिंग्यांच्या कानाचे पडदे असलेच तर पुढच्या पायांच्या नडगीवर असतात, तर आखूडशिंग्यांचे उदराच्या पहिल्या खंडाच्या दोन्ही बाजूंना. पोएकिलोसेरस पिक्टस दुसऱ्या उपगणात येतो आणि त्यातील पिर्गोमॉर्फिडी या कुलात त्याची गणना होते. या नावात ‘बुरूज’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि कुलातील अनेक जातींचे डोके पुढे निमुळते होत जाते ते पाहता तो शोभतो. सर्वसाधारण नाकतोडे आणि टोळ अॅक्रिडिडी या मोठ्या कुलातले आहेत. जुन्या ग्रंथांत पिर्गोमॉर्फ नाकतोडे हे त्याच कुलाचे एक उपकुल म्हणून सापडतील. ते स्वतंत्र कुल म्हणून प्रस्थापित होण्यात कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे डी. कीथ केव्हन यांच्या प्रदीर्घ अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

आता भिंग हाती घ्या. डोक्याच्या अगदी टोकाशी, दोन शृंगिकांच्या मधोमध वरच्या बाजूस, एक बारीक उभी खाच दिसेल. नखाने ओरखडा काढावा इतकी ती सूक्ष्म असते, पण पिर्गोमॉर्फ ओळखण्याची ती पहिली खूण आहे. दुसरी खूण मागच्या पायाच्या मांडीवर. अॅक्रिडिडी कुलातील नाकतोड्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूस पिसाच्या शिरांसारखी तिरप्या रेघांची नेटकी नक्षी असते. येथे ती नसते, त्याऐवजी अनियमित कंगोरे आणि बारीक उंचवटे असतात. त्याच मांडीच्या बुडाशी, जेथे ती धडाला जोडली जाते तेथे, वर आणि खाली असे दोन पाळीसारखे भाग असतात. अॅक्रिडिडीत सामान्यतः वरची पाळी पुढे आलेली असते, पिर्गोमॉर्फिडीत खालची. मला व्यक्तिशः ही खूण सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती रंग उडालेल्या, शृंगिका तुटलेल्या नमुन्यातही शाबूत राहते.

याला पेशींचाही दुजोरा आहे. पोएकिलोसेरस पिक्टसच्या नराच्या पेशीत १९ गुणसूत्रे असतात आणि मादीच्या २०. नराला एक्स गुणसूत्र एकच असते आणि वाय मुळीच नसते, म्हणून हा विषम आकडा. अॅक्रिडिडी कुलात हेच आकडे बहुधा २३ आणि २४ असे येतात. नाकतोड्याची गुणसूत्रे मोठी आणि संख्येने कमी असल्यामुळे अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन, दाखवण्यासाठी त्याच्या वृषणाच्या काचपट्ट्या प्राणिशास्त्राच्या वर्गात वापरल्या जातात. ज्यांनी हे प्रात्यक्षिक केले असेल त्यांनी हा कुलभेद नकळत मोजलेलाही असेल.

प्रश्न : प्रौढ किड्याचे सविस्तर वर्णन द्यावे. नोंदवहीत काय काय टिपावे?

उत्तर : पूर्ण वाढलेल्या किड्याच्या अंगावर गडद पिवळे आणि निळसर-हिरवे पट्टे आळीपाळीने येतात. पुढचे पंख चिवट, अरुंद आणि हिरवे असून त्यांवर पिवळे ठिपके दाटीने पसरलेले असतात. विश्रांतीच्या वेळी तेच तेवढे दिसतात. त्यांच्याखाली पंख्यासारखे घडी घातलेले मागचे पंख असतात आणि त्यांचा फिकट लाल रंग किडा उडाला तरच क्षणभर नजरेस पडतो. पंखांचा रंग टिपताना कोणते पंख हे अवश्य लिहावे. ‘पंख हिरवे’ आणि ‘पंख लाल’ अशा दोन नोंदी एकाच किड्याच्या असू शकतात.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठे संयुक्त नेत्र आणि त्यांखेरीज तीन लहान साधे नेत्र असतात. जबडे दणकट असून आडवे चालतात. मानेमागचे अग्रवक्षाचे, म्हणजे छातीच्या पहिल्या भागाचे, कवच खोगिरासारखे दोन्ही अंगांना खाली उतरलेले असते. मागच्या पायांच्या नडगीवर काट्यांच्या दोन रांगा असतात. किडा हातात धरला की तो हीच नडगी झाडतो आणि काटे बोटाला चांगले जाणवतात. लांबीची नोंद डोक्याच्या टोकापासून उदराच्या टोकापर्यंत वेगळी आणि पंखांच्या टोकापर्यंत वेगळी घ्यावी. मादी साधारण पाच सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडी मोठी भरते, नर तिच्यापेक्षा स्पष्टपणे लहान असतो.

प्रश्न : त्याच झुडपावर बिनपंखांचे, हिरवट-पिवळे आणि लाल ठिपक्यांचे लहान नाकतोडे होते. ही दुसरी जाती का? एकाला चिमटीत धरताच त्याने पांढरट पाणी उडवले.

उत्तर : ती याच जातीची पिल्ले आहेत. नाकतोड्यांत कोशावस्था नसते. जमिनीत घातलेल्या अंड्यांतून थेट सहा पायांचे पिल्लू बाहेर पडते आणि कात टाकत टाकत मोठे होते. अर्धवट वाढलेल्या पिल्लाचा रंग हिरवट-पिवळा असतो, त्यावर बारीक काळ्या खुणा आणि लहान लाल ठिपके असतात. शेजारी प्रौढ किडा बसलेला नसेल, तर दोघांचे नाते कोणालाही पटू नये, इतका हा वेश वेगळा आहे.

मोठ्या पिल्लाच्या पाठीवर पंखांचे कोंब नीट पाहिलेत, तर एक गंमत दिसेल. शेवटच्या अवस्थांत हे कोंब उलटे वळलेले असतात आणि मागच्या पंखाचा कोंब पुढच्या पंखाच्या कोंबावर येतो. प्रौढात हाच क्रम बरोबर उलट असतो. आखूड पंखांचा प्रौढ आणि मोठे पिल्लू यांतला फरक ओळखायला यापेक्षा सोपी कसोटी नाही.

उडालेल्या पाण्याविषयी. उदराच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांच्या मध्ये, पाठीकडच्या बाजूस, एक छिद्र असते. डोके किंवा उदर दाबले गेले की त्यातून किंचित चिकट, दुधी द्रवाची पिचकारी दोन इंच किंवा त्याहूनही लांब जाते, आणि तीही जिकडून चिमटा बसला त्याच दिशेने. प्रौढात हा द्रव पंखांखाली झिरपतो आणि अंगाच्या कडेने फेसासारखा साचतो. रुईच्या चिकातील, हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये हा नाकतोडा पचवतो आणि अंगात साठवतो, तीच या द्रवात असतात. याच वंशातील पोएकिलोसेरस बुफोनिअस या पश्चिम आशियातील जातीत अशी द्रव्ये सापडल्याचे १९६७ साली प्रसिद्ध झाले होते, आणि त्या संशोधकांत नोबेल पारितोषिक विजेते तादेउश राइखश्टाइन हेही होते. किडा हाताळल्यावर डोळ्यांना हात न लावता आधी हात धुवावेत.

प्रश्न : पिल्लाला पाठीवर घेऊन बसलेली मादी पाहिली. नाकतोडे पिल्ले वाहतात का?

उत्तर : नाही. पाठीवर होता तो नर. त्याला पूर्ण पंख होते का हे आठवून पाहावे, पंख असतील तर ते पिल्लू असूच शकत नाही. नर-मादी ओळखण्यासाठी आकारापेक्षा उदराचे टोक पाहावे. मादीच्या टोकाशी जमीन उकरून अंडी घालण्यासाठी आखूड, टणक आकड्यांच्या दोन जोड्या असतात, नराचे टोक गुळगुळीत आणि वर वळलेले असते.

प्रश्न : टोळधाडीतला टोळ तो हाच का?

उत्तर : नव्हे. २०२० च्या मे महिन्यात विदर्भापर्यंत पोचलेली धाड वाळवंटी टोळाची, म्हणजे शिस्टोसेरका ग्रेगॅरिया या जातीची होती. तो अॅक्रिडिडी कुलातला आहे. रुईवरचा नाकतोडा घोळक्याने दिसला तरी धाड घालत नाही. टोळ मात्र दाटी झाली की रंग, वागणूक, इतकेच काय अग्रवक्षाच्या खोगिराचा आकारही बदलतो. या बदलाने वर्गीकरणकारही फसले होते. लोकस्टा मायग्रेटोरिया आणि लोकस्टा डॅनिका या वेगळ्या मानलेल्या दोन जाती म्हणजे एकाच टोळाची दोन रूपे आहेत, असे बोरिस उव्हारोव्ह यांनी दाखवून दिले ते १९२१ साली. तेव्हापासून डॅनिका हे नाव स्वतंत्र जातीचे राहिलेले नाही.