निष्कर्षण म्हणा नाहीतर काढणी, पण गाळण नको

प्रश्न असा आलाय की अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत, म्हणजे वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम वेगळं करताना, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (एका द्रवात विरघळलेला पदार्थ दुसऱ्या द्रवात ओढून घेणं) करतात त्याला 'द्रावक गाळण' म्हटलं तर चालेल का, 'निष्कर्षण' फार जड वाटतं.

नाही चालणार! 'आम्लातून प्लुटोनियम गाळून घेतात' हे इतक्यांदा ऐकलंय की वैताग येतो. गाळायचं ते न विरघळलेलं. वापरलेलं इंधन गरम नायट्रिक आम्लात विरघळवलं की आवरणाच्या नळ्यांचे तुकडे नि बारीक गाळ मागे राहतो, तिथे गाळा खुशाल. पण युरेनियम, प्लुटोनियम, सीझियम सगळंच विरघळलेलं असताना गाळणीत अडकणार काय?

आता खरी मजा बघा. निष्कर्षण म्हणजे निस् अधिक कृष्. कृष् म्हणजे ओढणं, नांगरणंही त्यातच, म्हणून तर कृषी. आणि १२ व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडितानं प्राकृत व्याकरणात कृष् च्या जागी येणारं रूप दिलंय 'कड्ढ', म्हणजे आपलं 'काढणे'! काही पंडित म्हणतात कड्ढ हा देशी शब्द, त्याचं कृष् शी नातं नाही. अर्थ तोच, वापर तोच हे खरं, पण व्याकरणकार जोडी लावतो ती अर्थाची, तेवढ्यानं उगम एकच असं ठरत नाही. म्हणून हा संशय उरतोच. (काढा मात्र यातला नाही हं, तो क्वाथापासून आला.)

आणि ओढणं इथे शब्दशः घडतं. केरोसीनसारख्या तेलात साधारण ३० टक्के ट्रायब्यूटाइल फॉस्फेट हे धरून ठेवणारं रसायन घालून ते आम्लाबरोबर घुसळलं की त्याचे दोन रेणू एका युरेनिल नायट्रेटला (आम्लात विरघळलेल्या युरेनियमचं रूप) धरतात नि वरच्या तेलात ओढून नेतात, अगदी बैलजोडी! प्लुटोनियमलाही दोनच लागतात. सीझियम, स्ट्रॉन्शियम खाली आम्लातच राहतात. मग क्षपण करून, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन, प्लुटोनियमचा धन प्रभार (ऑक्सिडीकरण अवस्था) चारवरून तीनवर आणला की ही पकड सुटते, ते परत पाण्याच्या थरात उतरतं नि हिरवट-तपकिरीचं निळं होतं. तिथे नायट्रस आम्ल असेल तर ते त्याला पुन्हा चारवर नेतं, म्हणून ते संपवायला हायड्राझीन घालतात.

हां, तर निष्कर्षण जड वाटत असेल तर सरळ 'काढणी' म्हणा, पिकाची म्हणतो तशीच. आणि शेवटी युरेनियम तेलातून परत पातळ आम्लात आणतात ना, ती 'उलट काढणी'.