एकच फलक, तिन्ही गट

प्रश्न : मी शाळा सुटल्यावर फ्रेंचचा वर्ग घेते. चौदा मुलं आहेत. सात अगदी नवखी, पाच डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या ए२ पातळीची तयारी करणारी आणि दोघी त्यापुढच्या बी१ पातळीच्या. तिन्ही गटांसाठी वर्कशीट शोधण्यात माझा अख्खा रविवार जातो. शिवाय एका गटाला शिकवत असताना बाकीचे दोन कंटाळतात. प्रत्येक पातळीचं चांगलं साहित्य कुठे मिळेल?

उत्तर : ताई, रविवार वाचवायचा असेल तर आधी शोधणं थांबवा. एकच खराखुरा फ्रेंच कागद घ्या आणि तोच चौदाही जणांच्या हातात द्या. कागद सोपा करत बसू नका. त्याच्यावरचं काम सोपं किंवा अवघड करा.

बावीस वर्षं शिकवताना माझ्याकडे सगळ्यात जास्त झिजलेला कागद कोणता, तर पॅरिसच्या एका स्थानकावरच्या गाड्यांच्या फलकाचा फोटो. त्या स्थानकाचं नाव ‘गार द ल्यों’, म्हणजे ल्योंचं स्थानक. मुलं हमखास म्हणतात, हे ल्यों शहरातलं स्थानक. मग नकाशा काढायचा : हे पॅरिसमध्ये आहे, इथून ल्योंकडे गाड्या सुटतात म्हणून हे नाव. ल्योंमध्ये टीजीव्ही या वेगवान गाडीतून उतरायचं ते बहुधा पार-द्यू स्थानकाला. इथवर तिन्ही गट एकत्र असतात आणि वर्ग जागा होतो.

मग कामं वाटायची. नवख्यांनी फक्त वेळ, गाव आणि फलाट वाचायचा. फ्रेंच वेळापत्रक चोवीस तासांचं असतं, त्यामुळे आकड्यांचा सराव आपोआप होतो. गाडीचा चार आकडी क्रमांक दोन-दोन आकडे जोडून वाचतात. त्यात ९१ आलं की ‘चार-वीस-अकरा’ असा हिशेब करावा लागतो. हा आकडा पाठ करून बसत नाही, गाडी चुकेल या धास्तीने बसतो.

ए२वाल्यांना तिकीटखिडकीवर उभं करा. एक प्रवासी, एक कर्मचारी. सुरुवात ‘बाँझूर’ने म्हणजे नमस्काराने, संबोधन ‘व्हू’ म्हणजे ‘तुम्ही’. तू आणि तुम्ही यांतला फरक मराठी मुलाला समजावावा लागत नाही, ही आपली मोठी सोय आहे. समजवावं लागतं ते ‘मला हवंय’ऐवजी ‘मला हवं होतं’ अशा धाटणीचं ‘झ व्हुद्रे’. डेल्फच्या तोंडी परीक्षेत असा संवाद असतोच.

तुमच्या त्या दोघींना सांगा, गाडी दोन तास उशिरा आली, आता तक्रारीचं पत्र लिहा. ‘मी वाट पाहत होते, तेवढ्यात घोषणा झाली’ : पहिल्या क्रियापदाला अँपार्फे (चालू असलेल्या क्रियेचा भूतकाळ), दुसऱ्याला पासे काँपोझे (घडून गेलेल्या क्रियेचा भूतकाळ). वाक्य आधी मराठीत म्हणायला लावा. दोन काळांमधला फरक त्यांच्या कानात आधीपासून आहे, फ्रेंचमध्ये तो फक्त ओळखायचा आहे. आणि पुढे कुणी बी२ला पोचलं, तर हाच फलक वादासाठी वापरा : अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येत असेल तर तिथलं विमान बंद करावं का? फ्रान्सने २०२३मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत आणि ल्योंला जाणारी विमानं याच नियमाने बंद केली.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यांची. बी१ची मुलगी उद्घोषणा करते, नवखे आपापला फलाट गाठतात. माझ्या वर्गात सगळ्यात अबोल मुलाने पहिलं पूर्ण फ्रेंच वाक्य बोललं ते याच दहा मिनिटांत, ‘माझी गाडी कुठे आहे?’ असं.

फलकाच्या जागी हवामानाचा नकाशा, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, वाचनालयाचे नियम, काहीही चालेल.

प्रश्न (त्यांचाच) : आणि ऐकण्यासाठी?

उत्तर : टीव्ही५माँद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए१ ते बी२पर्यंत पातळीवार चित्रफिती आहेत, सोबत स्वाध्यायही. बी१च्या दोघींना आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या द्या. दहा मिनिटांच्या असतात आणि संहिता मिळते. ती संहिता मात्र तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावरच हातात द्या. डेल्फमध्ये शंभरपैकी पन्नास गुण मिळाले तरी चारपैकी एका कौशल्यात पंचवीसपैकी पाच नसतील तर विद्यार्थी नापास होतो, आणि कागदावर वाढलेली मुलं ऐकण्यातच अडकतात. या आठवड्यापासून रोज दोन मिनिटं, एकच बातमी.